दीनबंधू अँड्र्यूज

१९१४ सालच्या जानेवारी महिन्याची दुसरी तारीख होती. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन बंदराच्या धक्क्याला हिंदुस्थानातून आलेली एक आगबोट लागली. तिच्यातून दोन इंग्रज गृहस्थ उतरले. त्यांना उतरवून घेण्यासाठी पुष्कळ भारतीय मंडळी जमली होती. त्यांच्यांत पोलक नावाचे एक गोरे गृहस्थही होते. पाहुण्यांपैकी एकाने पोलक यांना गांधी कोठे आहेत, असे विचारले. पोलक यांनी शेजारीच उभ्या असलेल्या एका कृश माणसाकडे बोट दाखविले. त्या माणसाच्या डोक्याचे मुंडण केलेले होते आणि अंगावर मजुराचा जाडाभरडा पोशाख होता. तो पाहुणा क्षणभर थबकला, मग खाली वाकला आणि त्याने त्या माणसाच्या पायांना स्पर्श केला.

या घटनेने डर्बनच्या गोऱ्या समाजात मोठी खळबळ उडाली. एका इंग्रज धर्मोपदेशकाने काळ्या माणसाच्या पायाला हात लावावा, ही गोष्ट त्यांना सहन होईना. परंतु याच पाहुण्याने पुढे थोड्याच दिवसांत गोऱ्यांच्या सरकारातील एका मोठ्या मंत्र्याचाही विश्वास संपादन केला. ज्यांचे मत पटत नाही त्यांच्यावरही प्रेम करता येते, आणि प्रेम करीत असतानाही सत्य सोडावे लागत नाही, हे ज्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले, ते चार्लस फ्रीअर अँड्र्यूज हेच ते पाहुणे होत.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल या गावी झाला. पुढे हे कुटुंब बर्मिंगहॅम येथे राहावयास गेले. वडील एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक होते. घरात चौदा भावंडे होती, तरी आईच्या वाट्याला आलेल्या पैशामुळे त्यांचे ठीक चालले होते. हा पैसा वडिलांच्या एका जिवलग मित्राच्या हाती विश्वासाने सोपविलेला होता. त्या मित्राने तो सट्ट्यात घालविला. एका दिवसात हे कुटुंब गरीब झाले. त्यांना राहते घर सोडून लहान घरात जावे लागले.

त्या संध्याकाळी नित्याप्रमाणे सारे कुटुंब प्रार्थनेसाठी एकत्र बसले. लहानग्या चार्लसला वाटले, की वडील आता त्या विश्वासघातकी मित्राला शाप देतील. परंतु वडिलांनी त्याच मित्रासाठी प्रार्थना केली. देवाने त्याला क्षमा करावी आणि सन्मार्गाला लावावे, एवढेच त्यांचे मागणे होते. मित्राने केले ते वाईटच होते. ते चांगले होते असे वडील म्हणाले नाहीत. परंतु त्याच्याविषयीचा द्वेष त्यांनी मनात शिरू दिला नाही. येशू ख्रिस्ताने शत्रूवरही प्रेम करावयास सांगितले आहे, हे चार्लसने पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ त्याला त्या संध्याकाळी कळला. ही आठवण त्यांनी म्हातारपणी लिहिलेल्या आत्मवृत्तातही आदराने नमूद केली आहे.

त्यांच्या वडिलांना ब्रिटिश साम्राज्याचा मोठा अभिमान होता. इंग्रजांचे राज्य हे हिंदुस्थानाला मिळालेले वरदान आहे, असे त्यांना मनापासून वाटे. साम्राज्याच्या पराक्रमाच्या गोष्टी ऐकत चार्लस वाढला. आपण हिंदुस्थानात जाणार, हे त्याने लहानपणीच ठरवून टाकले होते. तेथील लोक भात खातात, असे ऐकून त्याने आईला भात करावयास लावला आणि तो खाण्याची सवय करू लागला. पुढे मोठेपणी साम्राज्याविषयीची वडिलांची मते मुलाला पटेनाशी झाली. त्याने वडिलांचा धर्मपंथही सोडला. वडिलांना याचे फार दुःख झाले. पण बापलेकांचे प्रेम तुटले नाही. मतभेद आणि माया एकाच घरात नांदू शकतात, हा धडाही अँड्र्यूज यांना अशा रीतीने घरीच मिळाला.

१८९० साली ते केंब्रिज विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी उत्तम यश मिळविले. भांडवलवाले आणि मजूर यांच्या झगड्यात ख्रिस्ती धर्माचे कर्तव्य काय, या विषयावर त्यांनी निबंध लिहिला. परंतु केवळ निबंध लिहून त्यांचे समाधान झाले नाही. दक्षिण लंडनमधील वॉलवर्थ या अत्यंत गरीब वस्तीत जाऊन ते राहिले आणि तेथील लोकांची त्यांनी सेवा केली. १८९७ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. बेसिल वेस्टकॉट नावाचा त्यांचा एक जिवलग मित्र दिल्लीत मिशनचे काम करीत असे. १९०० साली तो तेथेच पटकीने मरण पावला. मित्राची जागा आपण घ्यावी, असे अँड्र्यूज यांच्या मनाने घेतले. १९०४ सालच्या मार्च महिन्यात ते दिल्लीस आले आणि सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवू लागले.

त्या कॉलेजात सुशीलकुमार रुद्र नावाचे एक बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक होते. अँड्र्यूज यांची त्यांच्याशी दाट मैत्री जमली. जो हिंदुस्थान इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून दिसत नसे, तो रुद्र यांच्या घरी अँड्र्यूज यांना दिसला. आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टी आणि येथील वस्तुस्थिती यांत किती अंतर आहे, हे त्यांना उमगले. लवकरच कॉलेजच्या प्राचार्यांची जागा रिकामी झाली. तेव्हा अशा मोठ्या जागेवर गोराच माणूस नेमण्याची प्रथा होती. रुद्र वयाने व अनुभवाने वडील आहेत, तेव्हा ही जागा त्यांनाच मिळाली पाहिजे, असा अँड्र्यूज यांनी आग्रह धरला. अखेर १९०६ साली रुद्र प्राचार्य झाले आणि अँड्र्यूज आनंदाने त्यांच्या हाताखाली काम करू लागले.

त्याच सुमारास लाहोरच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात सुशिक्षित भारतीयांची निंदा करणारे एक पत्र प्रसिद्ध झाले. अँड्र्यूज यांनी त्याच वृत्तपत्रात त्याला सडेतोड उत्तर दिले. एका इंग्रजाने आपली बाजू घ्यावी, याचे भारतीय पुढाऱ्यांना मोठे नवल वाटले. लाला लजपतराय यांच्याशी त्यांचा स्नेह जडला तो यामुळेच. मात्र उत्तर देताना अँड्र्यूज यांनी पत्रलेखकाला नावे ठेवली नाहीत. त्याचे म्हणणे कोठे चुकीचे आहे, एवढेच त्यांनी दाखवून दिले. ही रीत त्यांनी जन्मभर सोडली नाही.

१९१३ साली दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवर मोठे संकट कोसळले. ऊस, चहा आणि कोळसा यांच्या कामासाठी हिंदुस्थानातून मजुरांना पाच वर्षांच्या करारावर तिकडे नेत असत. या कराराला लोक गिरमिट म्हणत आणि मजुरांना गिरमिटिया. करार संपल्यावर जो मजूर तेथेच राहू इच्छी, त्याला वर्षाला तीन पौंडांचा कर द्यावा लागे. त्यात भर म्हणून तेथील न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह कायदेशीर मानता येत नाहीत, असा निर्णय दिला. गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. हजारो मजुरांनी काम थांबविले. अनेकांना तुरुंगात टाकण्यात आले.

पुण्याच्या भारत सेवक समाजाचे संस्थापक नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे या लढ्यासाठी देशभर फिरून निधी जमवीत होते. अँड्र्यूज यांनी आपल्याजवळची सारी शिल्लक गोखल्यांच्या स्वाधीन केली. परंतु केवळ पैशाने भागण्यासारखे नव्हते. दोन्ही पक्षांशी बोलू शकेल, असा माणूस तेथे हवा होता. गोखल्यांच्या इच्छेवरून अँड्र्यूज आणि त्यांचे मित्र विल्यम पिअर्सन आफ्रिकेला निघाले. डर्बनच्या धक्क्यावरील प्रसंग घडला तो याच वेळी.

गांधीजींशी झालेल्या पहिल्याच बोलण्यात अँड्र्यूज यांच्या ध्यानात आले, की हा झगडा मुख्यतः पैशाचा नसून भारतीयांच्या अब्रूचा आहे. अब्रूच्या बाबतीत गांधीजींनी माघार घेऊ नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यानंतर ते प्रिटोरिया येथे सरकारचे मंत्री जनरल स्मट्स यांना भेटले. स्मट्स हे कसलेले सेनानी व मुत्सद्दी होते. गोऱ्या मतदारांच्या रोषाला त्यांना तोंड द्यावयाचे होते. अँड्र्यूज यांनी त्यांच्या अडचणी शांतपणे ऐकून घेतल्या आणि भारतीयांच्या मनाला कोणती गोष्ट सलते आहे, ती त्यांना समजावून दिली. इकडची कटू बात तिकडे जाऊन तिखटमीठ लावून सांगणारे मध्यस्थ पुष्कळ असतात. अँड्र्यूज एका पक्षातील चांगली भावना दुसऱ्या पक्षापर्यंत पोहोचवीत असत.

याच वेळी गोऱ्या रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला आणि सरकार पेचात सापडले. सरकारच्या अडचणीचा फायदा घ्यावयाचा नाही, असे ठरवून गांधीजींनी आपली कूच पुढे ढकलली. या उदारपणाचा चांगला परिणाम झाला. अखेर जानेवारी महिन्यातच गांधीजी आणि स्मट्स यांच्यात तात्पुरता समेट झाला. त्या वर्षी झालेल्या कायद्याने तीन पौंडांचा कर रद्द झाला आणि भारतीय पद्धतीच्या विवाहांना मान्यता मिळाली.

या समेटासाठी अँड्र्यूज धडपडत होते, तेव्हा तिकडे इंग्लंडमध्ये त्यांची आई मृत्युशय्येवर होती. आईवर त्यांचे निरतिशय प्रेम होते. लहानपणी ते वातज्वराने आजारी पडले असता तिनेच त्यांना वाचविले होते. तिची शेवटची भेट मात्र झाली नाही. त्याच जानेवारीत ती वारल्याची तार त्यांना आफ्रिकेत मिळाली. त्या दुःखात गांधीजींच्या घरच्या मंडळींनी आणि तेथील भारतीय स्त्रियांनी त्यांना मायेने जवळ केले. तेव्हापासून गांधीजी आणि अँड्र्यूज एकमेकांना मोहन आणि चार्ली अशा घरगुती नावांनी हाक मारू लागले.

हिंदुस्थानात परत आल्यावर अँड्र्यूज यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ते रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात राहू लागले. १९१२ साली लंडनमध्ये रवींद्रनाथांच्या कविता ऐकल्यापासूनच त्यांचा ओढा तिकडे होता. परंतु शांतिनिकेतनाच्या आम्रवृक्षांखाली त्यांना फार काळ स्वस्थ बसता आले नाही. १९१५ साली ते पिअर्सन यांच्यासह पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर गेले. तेथे सुमारे ६०,००० भारतीय मजूर गिरमिटावर नेण्यात आले होते. शंभर पुरुषांमागे चाळीसच स्त्रिया नेण्याचा नियम होता. कोंदट चाळींतून माणसांना गुरांसारखे कोंडलेले असे. आत्महत्यांचे प्रमाण भयंकर होते. अँड्र्यूज मजुरांच्या चाळीचाळींतून हिंडले आणि मळेवाल्यांनाही जाऊन भेटले. त्यांनी आपल्या अहवालात वस्तुस्थिती जशीच्या तशी मांडली. या अन्यायी पद्धतीने मजुराचे शरीर आणि मालकाचे मन, दोन्ही नासत आहेत, अशी त्यांची धारणा होती. म्हणून मालकाला वाचविणे हेही ते आपले कर्तव्य समजत.

१९१७ साली ते पुन्हा फिजीला गेले. त्याच वर्षी गिरमिटावर मजूर पाठविणे बंद झाले आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेल्या मजुरांचे करारही रद्द झाले. फिजीतील गरीब भारतीयांनी अँड्र्यूज यांना प्रेमाने एक पदवी दिली. ती पदवी म्हणजे दीनबंधू. पुढे सारा हिंदुस्थान त्यांना याच नावाने ओळखू लागला.

१९१९ साली अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायर याने निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला. शेकडो माणसे ठार झाली. पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला आणि लोकांना भर रस्त्यात फटके मारण्यात आले. अँड्र्यूज तिकडे धावले. परंतु अमृतसरच्या स्टेशनवरच त्यांना अडवून परत पाठविण्यात आले. बंदी उठताच ते पुन्हा पंजाबात गेले. खेडोपाडी फिरून त्यांनी अत्याचारांची माहिती गोळा केली. एका खेड्यात फटके खाल्लेला एक शीख गृहस्थ त्यांना भेटला. आपल्या देशबांधवांनी केलेल्या दुष्कृत्याबद्दल क्षमा मागून अँड्र्यूज यांनी त्याचे पाय धरले. पंजाब सोडताना लाहोर येथे त्यांनी लोकांना सूड न घेण्याची विनंती केली. इंग्रजांचा अपराध त्यांनी तिळमात्र झाकला नाही. परंतु त्या अपराधाचे उत्तर द्वेषाने दिल्यास दोन्ही राष्ट्रांचे अकल्याण होईल, असे त्यांनी कळवळून सांगितले.

अशा माणसाला दोन्हीकडून बोल ऐकावे लागतात. पुष्कळ इंग्रज त्यांना देशद्रोही म्हणत. उलट काही भारतीयांना वाटे, की हा गोरा माणूस सरकारचा हेर असावा. १९२१ साली अँड्र्यूज पूर्व आफ्रिकेतील केनियात भारतीयांच्या हक्कांसाठी काम करीत होते. तेथील गोऱ्या वसाहतवाल्यांनी रेल्वेच्या प्रवासात त्यांना गाठून मारहाण केली. त्यांना हल्लेखोरांवर फिर्याद करता आली असती. पण त्यांनी ती केली नाही. मात्र आपले काम त्यांनी एक दिवसही सोडले नाही. हिंदुस्थानाला पूर्ण स्वातंत्र्य मिळाले पाहिजे, असे तर ते याच काळात उघडपणे लिहीत होते. काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, तो त्यानंतर आठ वर्षांनी, १९२९ साली.

परक्याशी मतभेद झाला असता शांत राहणे एक वेळ सोपे. पण जिवलग मित्राशी मतभेद झाला, तर मनुष्याची खरी कसोटी लागते. गांधीजींविषयी अँड्र्यूज यांना अपार आदर होता, तरी ते त्यांच्या होला हो म्हणणारे नव्हते. १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात फिरून इंग्रजांच्या सैन्यासाठी माणसे भरती करू लागले. अहिंसा सांगणाऱ्याने लोकांना युद्धावर कसे पाठवावे, असे अँड्र्यूज यांनी पत्रांतून त्यांना परखडपणे विचारले. १९२१ साली परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या. अँड्र्यूज खादीचा पुरस्कार करीत. पण माणसांनी कष्टाने विणलेले कापड जाळणे त्यांना पटेना. त्या ज्वाळांतून आपल्या शेजाऱ्याविषयीचा द्वेष भडकेल, अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी गांधीजींना तसे लिहिले. गांधीजींनी ते पत्र लपवून ठेवले नाही. आपल्या यंग इंडिया पत्रात त्यांनी ते छापले आणि त्याला उत्तरही दिले. दोघांचे मत शेवटपर्यंत एक झाले नाही. तरीही दोघांच्या स्नेहात अंतर पडले नाही.

१९२४ सालच्या सप्टेंबर महिन्यात गांधीजींनी हिंदू-मुसलमानांच्या ऐक्यासाठी दिल्लीत २१ दिवसांचे उपोषण आरंभिले. तेव्हा अँड्र्यूज त्यांच्या उशाशी होते. त्यांनी गांधीजींची शुश्रूषा केली आणि यंग इंडियाचे कामही सांभाळले. उपोषण सुटण्याच्या वेळी कुराणाचे पठण झाले, विनोबांनी उपनिषदांतील मंत्र म्हटले आणि अँड्र्यूज यांनी येशूच्या क्रूसाविषयीचे एक ख्रिस्ती भजन गाइले.

पुढे १९२५ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने भारतीयांना वेगळ्या वस्त्यांत कोंडण्याचे विधेयक मांडले. ते मांडणारे मंत्री डॉक्टर मलान हे राजकारणात शिरण्यापूर्वी स्वतः धर्मोपदेशक होते. अँड्र्यूज यांना ते विधेयक अन्यायाचे वाटे. तरी त्यांनी मलान यांच्याशी एक ख्रिस्ती माणूस दुसऱ्याशी बोलतो, तशा मोकळेपणाने बोलणी केली. त्यांनी तेथील गोऱ्या ख्रिस्ती मंडळींनाही भेटून त्यांची सदसद्‌बुद्धी जागी करण्याचा यत्न केला. १९२६ सालच्या डिसेंबरात केपटाउन येथे दोन्ही सरकारांची परिषद भरली. १९२७ साली करार झाला आणि ते विधेयक मागे घेण्यात आले.

हा करार निर्दोष नव्हता. हिंदुस्थानात परत जाणाऱ्या भारतीयांना सरकारने साहाय्य करावे, असे एक कलम त्यात होते. ते अनेक भारतीयांना आवडले नाही. त्यांनी अँड्र्यूज यांच्यावर टीकाही केली. शिवाय हेच डॉक्टर मलान १९४८ साली पंतप्रधान झाले आणि त्यांच्या राजवटीत वर्णभेदाचे कायदे अधिकच कठोर झाले. प्रेमाने बोललेला शब्द प्रत्येक वेळी फळतोच असे नाही, हे यावरून दिसते. अँड्र्यूज यांनाही हे ठाऊक होते. समोरचा माणूस बदलेल अशी हमी मिळाली, तरच त्याच्याशी चांगले वागावयाचे, असा सौदा त्यांनी कधी केला नाही.

१९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील कापडगिरण्या तेव्हा बंद पडत होत्या आणि हजारो कामगार बेकार झाले होते. हिंदुस्थानातील बहिष्कार हे त्याचे एक कारण होते. दहा वर्षांपूर्वी कापडाच्या होळ्या पाहून अँड्र्यूज यांना ज्या विणकरांची आठवण झाली होती, तेच हे लोक. गांधीजींनी त्यांना प्रत्यक्ष भेटावे, म्हणून अँड्र्यूज यांनी पुढाकार घेतला. सप्टेंबरच्या अखेरीस ते गांधीजींसह लँकेशायरला गेले. लोक चिडून काही अपमान करतील, अशी धास्ती होती. परंतु घडले ते निराळेच. गांधीजींनी कामगारांचे दुःख ऐकून घेतले आणि हिंदुस्थानातील कोट्यवधी अर्धपोटी माणसांची स्थिती त्यांना सांगितली. बहिष्कार सोडण्याचे वचन त्यांनी दिले नाही. तरीही गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांनी त्यांच्याभोवती गर्दी करून आनंदाने त्यांचा जयजयकार केला.

अँड्र्यूज यांची राहणी अत्यंत साधी होती. अंगावर खादीचे ढगळ कपडे असत. जवळची वस्तू कोणी मागितली, की ती त्याची झाली. व्हाइसरॉयच्या प्रासादात आणि मजुराच्या झोपडीत ते सारख्याच सहजपणे वावरत. त्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन ख्रिस्ताचा एकनिष्ठ प्रेषित असा त्यांचा अर्थ त्यांचे मित्र लावीत. त्यांनी आपला धर्म कोणावर लादला नाही. रवींद्रनाथ आणि गांधीजी यांनी तो त्यांच्या वागण्यातच वाचला.

१९४० साली कलकत्त्यात अँड्र्यूज यांना दुर्धर आजाराने गाठले. गांधीजी त्यांना रुग्णालयात जाऊन भेटले. ५ एप्रिल १९४० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचा अंत्यविधी कलकत्त्याचे मुख्य धर्माध्यक्ष फॉस वेस्टकॉट यांनी केला. ज्या मित्राची जागा घेण्यासाठी अँड्र्यूज हिंदुस्थानात आले होते, त्या बेसिलचे हे बंधू. अँड्र्यूज यांचा देह कलकत्त्याच्या मातीतच विसावला. त्यांच्या मागे घर नव्हते, धन नव्हते. १९७१ साली त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली, तेव्हा स्वतंत्र भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

अँड्र्यूज वारले, तेव्हा इंग्लंड महायुद्धात गुंतले होते आणि हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यातील तेढ वाढत चालली होती. त्या वेळी गांधीजींनी हरिजन पत्रात लिहिले, की अँड्र्यूज यांचे स्मरण ठेवावयाचे असेल, तर इंग्रजांतील व भारतीयांतील उत्तम माणसांनी एकत्र यावे आणि दोघांनाही मान्य होईल असा मार्ग सापडेपर्यंत उठू नये. पुढे सात वर्षांनी हिंदुस्थान स्वतंत्र झाला. इंग्रज येथून गेले, पण दोन्ही राष्ट्रे एकमेकांची कायमची वैरी झाली नाहीत. त्याची कारणे अनेक आहेत. डर्बनच्या धक्क्यावर वाकलेला तो इंग्रज त्यांपैकी एक होय.